जेनेरिक्समधला बाउंड: थेट पॅरेंट टाइप लिहून भागत असताना 'एक्स्टेंड्स' कशासाठी?

निशिगंध

नमस्कार मंडळी. मी जावात काम करते. रोजच्या कामात लिस्ट<स्ट्रिंग>, मॅप<लाँग, खाते> एवढंच जेनेरिक्स (कोणत्या टाइपवर चालायचं ते वापरताना कंसात सांगायची सोय) लागतं आणि ते जमतं. आता टीमची एक कॉमन लायब्ररी माझ्याकडे आली आहे आणि तिच्यात जिथे बघावं तिथे <टी एक्स्टेंड्स अमुकतमुक>. हा बाउंड, म्हणजे टीच्या जागी येणारा टाइप अमुकतमुक किंवा त्याचा वारस हवा ही अट. वाचलं की साधारण कळतं, पण स्वतः लिहायला बसलं की कुठे लावायचं आणि कुठे नाही हे ठरवता येत नाही.

आमच्याकडे कर्ज नावाचा अॅब्स्ट्रॅक्ट क्लास आहे. त्याखाली गृहकर्ज, पीककर्ज, वाहनकर्ज. एक मेथड लिस्ट<कर्ज> घेते. तिला लिस्ट<पीककर्ज> दिली तर कंपायलर सरळ नाही म्हणतो. पीककर्ज हे कर्जच आहे ना? मग त्याची यादी का चालत नाही? दुसरं असं, की सगळीकडे 'कर्ज' एवढाच टाइप लिहिला तर बिघडतं काय? पॉलिमॉर्फिझम (पॅरेंट टाइपच्या जागी त्याचा कुठलाही वारस चालणं) त्यासाठीच तर आहे. आणि कलेक्शन्स.मॅक्स या (संग्रहातली सर्वात मोठी वस्तू देणाऱ्या) मेथडची सिग्नेचर कुणी ओळ उलगडून सांगेल का? त्यातला 'ऑब्जेक्ट आणि कम्पेरेबल' हा प्रकार मला अजिबात झेपलेला नाही.

(कोडसुद्धा देवनागरीतच लिहिते आहे, सलग वाचायला बरं पडतं.)

दख्खनी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

समजा कंपायलरने लिस्ट<पीककर्ज> ला लिस्ट<कर्ज> म्हणून चालवून घेतलं. आता मेथडच्या आत मी यादी.अॅड(न्यू गृहकर्ज()) असं लिहू शकतो, कारण मला दिसतेय ती कर्जांची यादी. बाहेर मात्र तुमच्या हातात जी पीककर्जांची यादी आहे तिच्यात एक गृहकर्ज जाऊन बसलं. पुढे कुणीतरी गेट(०) करून त्यावर पीकहंगाम() कॉल करेल आणि प्रोग्राम तिथे पडेल. चूक एका ठिकाणी, स्फोट भलत्याच ठिकाणी. म्हणून एकेक पीककर्ज हे कर्ज असलं तरी पीककर्जांची यादी ही कर्जांची यादी नाही. यालाच इनव्हेरिअन्स म्हणतात.

जावातल्या अॅरेंना हा नियम नाही. नंबर[] या व्हेरिएबलमध्ये इंटिजर[] ठेवता येतो, कंपायलर काही बोलत नाही. मग त्यात ३.१४ टाकायला गेलात की रनटाइमला अॅरेस्टोअरएक्सेप्शन येतं. अॅरे तसे का केले, तर तेव्हा जेनेरिक्स नव्हते आणि ऑब्जेक्ट[] घेणारी एकच सॉर्ट मेथड सगळ्या ऑब्जेक्टच्या अॅरेंवर चालावी अशी गरज होती. २००४ साली जावा ५ मध्ये जेनेरिक्स आले तेव्हा हाच धोका कंपाइल करतानाच पकडायचं ठरलं.

अर्धविराम

दख्खनींना +१. दुसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न फार मोलाचा आहे आणि शिकवताना नेमका हाच गाळला जातो. सिंटॅक्स सगळे शिकवतात. बाउंड कधी लावायचा नाही, हे कुणी सांगत नाही.

माझी कसोटी एकच आहे. मेथडच्या सिग्नेचरमध्ये तो टाइप दोन जागी लागतोय का? दोन जागांमध्ये 'इथे जो टाइप आहे तोच तिथेही' असं नातं सांगायचंय का? सांगायचं असेल तर टाइप पॅरामीटर, म्हणजे टीसारखं टाइपचं नाव, हवं. नसेल तर नको.

निशिगंध, तुमचंच उदाहरण घेऊ. नोटीस पाठवणारी मेथड:

व्हॉइड नोटीसपाठव(कर्ज क)

इथे एक कर्ज आत येतं, काम होतं, विषय संपला. हिच्यावर <टी एक्स्टेंड्स कर्ज> लावणं म्हणजे वाचणाऱ्याला विनाकारण शोधायला लावणं. तुम्ही म्हणता तसं पॉलिमॉर्फिझम इथे पुरेसं आहे.

आता सर्वात जास्त थकबाकी असलेलं कर्ज शोधणारी मेथड बघा. जेनेरिक न करता लिहिली, तर ती लिस्ट<कर्ज> घेते आणि कर्ज परत देते. दख्खनींनी सांगितलंच की तिला लिस्ट<पीककर्ज> देताच येणार नाही. समजा ती अडचण कशीतरी सोडवली, तरी परत काय मिळालं? नुसतं कर्ज. पीककर्ज दिलं होतं, मधल्या मधे ती माहिती गळून गेली. आता कॉल करणारा कास्ट मारणार, आणि कास्ट मारणं म्हणजे कंपायलरला 'तू गप्प बस, मला माहीत आहे' असं सांगणं. तेच असं लिहा:

<टी एक्स्टेंड्स कर्ज> टी जास्तथकीत(लिस्ट<टी> यादी)

टी दोन जागी आला. पीककर्जांची यादी द्या, पीककर्जच हातात येईल. कास्ट नाही, धाकधूक नाही.

यात बाउंडचं काम कुठे आहे? मेथडच्या आत. नुसता <टी> लिहिला असता तर आतल्या कोडला टीबद्दल काहीच ठाऊक नसतं. तो ऑब्जेक्ट आहे एवढंच. टूस्ट्रिंग, इक्वल्स, हॅशकोड असल्या मोजक्या मेथडी सोडल्या तर हाताशी काही नाही. 'एक्स्टेंड्स कर्ज' म्हटल्यावर थकबाकी() कॉल करता येते. म्हणजे बाउंड आतल्या कोडला किमान काय मिळणार याची हमी देतो आणि टाइप पॅरामीटर बाहेरच्या कोडला त्याचा नेमका टाइप परत देतो. नुसत्या पॅरेंट टाइपने पहिली गोष्ट मिळते, बाउंड नसलेल्या जेनेरिकने दुसरी. दोन्ही एकदम हव्या असतील तेव्हाच बाउंड असलेला पॅरामीटर.

ही कल्पना जावाच्या आधीची आहे. लुका कार्डेली आणि पीटर वेग्नर यांनी १९८५ सालच्या निबंधात सबटाइपिंग आणि जेनेरिक टाइप यांची अशीच सांगड घालून दाखवली होती. जावाचे जेनेरिक्स ज्या जीजे नावाच्या प्रकल्पातून आले तो १९९८ चा. गिलाड ब्राखा, मार्टिन ओडरस्की, डेव्हिड स्टाउटमायर आणि फिलिप वॅडलर यांचा.

निशिगंध

अर्धविराम, 'दोन जागी लागतोय का' ही कसोटी फार उपयोगाची आहे. लायब्ररीतल्या काही मेथडी लगेच तपासल्या. बऱ्याच ठिकाणी टी एकदाच आलाय, तेही लिस्ट<टी> म्हणून. उदाहरणार्थ <टी एक्स्टेंड्स कर्ज> व्हॉइड अहवालछाप(लिस्ट<टी> यादी). तुमच्या कसोटीने इथे टी नको. पण नुसतं लिस्ट<कर्ज> केलं तर पीककर्जांची यादी चालणार नाही. मग?

अर्धविराम

तिथे वाइल्डकार्ड, म्हणजे टाइपच्या नावाऐवजी नुसतं प्रश्नचिन्ह: व्हॉइड अहवालछाप(लिस्ट<? एक्स्टेंड्स कर्ज> यादी). टाइपला नाव द्यायची गरज नाही, कारण ते नाव पुन्हा कुठे वापरायचंच नाहीये. तुमच्या लायब्ररीतला प्रकारही चालतो, चूक नाही. पण वाइल्डकार्ड पाहिलं की वाचणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं की टाइप फक्त इथेच लागतो आहे, पुढे शोधायची गरज नाही.

एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवा. लिस्ट<? एक्स्टेंड्स कर्ज> मधून वाचता येतं, पण तिच्यात नल सोडून काहीही अॅड करता येत नाही. यादी नक्की कशाची आहे हे कंपायलरला माहीत नसतं, त्यामुळे तो कुठलीच वस्तू आत घेत नाही. उलट लिस्ट<? सुपर पीककर्ज> (म्हणजे पीककर्ज किंवा त्याच्या वरच्या टाइपची यादी) मध्ये पीककर्ज टाकता येतं, पण काढताना ऑब्जेक्ट म्हणूनच निघतं. जोशुआ ब्लॉक यांनी यासाठी 'पेक्स' हे सूत्र दिलं आहे: प्रोड्यूसर असेल तर एक्स्टेंड्स, कन्झ्युमर असेल तर सुपर. यादी तुम्हाला देतेय की तुमच्याकडून घेतेय, एवढंच बघायचं.

रानपाखरू

मी अजून शिकतोय. नंबरवर प्रयोग करत होतो. <टी एक्स्टेंड्स नंबर> टी बेरीज(टी अ, टी ब) अशी मेथड लिहिली आणि आत अ + ब केलं. एरर. सगळे नंबरच आहेत ना, मग अधिक का चालत नाही?

दख्खनी

नंबर या क्लासमध्ये अधिक नावाची गोष्टच नाही, म्हणून. बाउंड तुम्हाला फक्त त्या टाइपच्या मेथडी देतो. नंबरमध्ये इंटव्हॅल्यू, लाँगव्हॅल्यू, डबलव्हॅल्यू अशा रूपांतराच्या मेथडी आहेत. + हे ऑपरेटर प्रिमिटिव्ह आकड्यांसाठी आणि स्ट्रिंगसाठी भाषेतच बसवलेलं आहे, टीवर ते लागू होत नाही.

पुष्कळ जण मग डबलव्हॅल्यू() घेऊन बेरीज करतात. पैशांच्या कोडमध्ये हे करू नका, कळकळीने सांगतो. बिगडेसिमल (अचूक दशांश आकड्यांचा क्लास) हासुद्धा नंबरच आहे. त्याचा डबल केला की दशांशातली अचूकता गेली. लाँगसुद्धा २ च्या ५३व्या घातापर्यंतच, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतच, डबलमध्ये बिनचूक राहण्याची खात्री आहे. जावात 'बेरीज करता येणारा टाइप' असं सांगणारा इंटरफेस स्टँडर्ड लायब्ररीत नाही. तेव्हा बेरीज कशी करायची हे बाहेरून द्या: बायनरीऑपरेटर<टी> घ्या आणि कॉल करताना इंटिजर::सम किंवा बिगडेसिमल::अॅड पाठवा. मग बाउंडही लागत नाही.

आणखी एक गंमत. नंबर हा कम्पेरेबलही (तुलनेची कम्पेअरटू मेथड देणारा इंटरफेस) नाही. आकड्यांची तुलना हवी असेल तर दोन बाउंड लावावे लागतात: <टी एक्स्टेंड्स नंबर & कम्पेरेबल<टी>>. क्लास असेल तर तो पहिला, त्यानंतर इंटरफेस, आणि क्लास एकच. याने इंटिजर, लाँग, बिगडेसिमल आत येतात, पण अॅटॉमिकइंटिजर बाहेर राहतो. तो नंबर आहे, कम्पेरेबल नाही.

सह्यवारा

धागा छान चाललाय. कामात समोर आलेली एक केस टाकतो, कारण निशिगंध यांच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे.

कुठल्याही यादीतला सर्वात मोठा शोधायला ही मेथड होती:

<टी एक्स्टेंड्स कम्पेरेबल<टी>> टी मोठा(लिस्ट<टी> यादी)

बहुतेक पुस्तकांत आणि कोर्समध्ये अशीच शिकवतात. स्ट्रिंगवर चालली, इंटिजरवर चालली, बिगडेसिमलवर चालली. मग हप्त्यांच्या तारखांमधली शेवटची तारीख काढायला लिस्ट<लोकलडेट> दिली आणि कंपायलर अडला. लोकलडेट या बाउंडमध्ये बसत नाही म्हणे. तारखांची तुलना होत नाही? कम्पेअरटू तर रोज वापरतो!

लोकलडेटची डॉक्युमेंटेशन उघडली तर उत्तर मिळालं. लोकलडेट हा कम्पेरेबल<लोकलडेट> नाही. तो क्रोनोलोकलडेट हा इंटरफेस इंप्लिमेंट करतो, आणि कम्पेरेबल<क्रोनोलोकलडेट> तिकडून येतं. कारण जावाच्या टाइम लायब्ररीत इतर कालगणनाही आहेत: थाई बौद्ध, जपानी, हिजरी, मिंग्वो. त्या सगळ्या तारखांची एकमेकींशी तुलना करता यावी म्हणून तुलनेचा करार वरच्या पातळीवर ठेवलाय.

म्हणजे लोकलडेटला स्वतःशी तुलना करता येते, आणि शिवाय इतरांशीही येते. आमचा बाउंड मागत होता 'नेमकं स्वतःशीच'. जास्त सोय असलेला टाइप आम्ही दाराबाहेर ठेवत होतो. दुरुस्ती एका शब्दाची:

<टी एक्स्टेंड्स कम्पेरेबल<? सुपर टी>> टी मोठा(लिस्ट<टी> यादी)

टीची तुलना टीशी किंवा टीच्या वरच्या कुठल्याही टाइपशी करता आली तरी पुरे. डेटाबेसच्या टाइमस्टॅम्पचं असंच आहे. तो युटिलमधल्या जुन्या डेटचा वारस आहे आणि तुलनेचा करार त्या डेटशी आहे.

निशिगंध

सह्यवारा, हे फार नेमकं सांगितलंत. यादीचा टाइप लिस्ट<? एक्स्टेंड्स टी> करून बघितलं, बाउंड जुनाच ठेवला. कंपाइल झालं! पण उत्तर लोकलडेटमध्ये ठेवता येईना.

सह्यवारा

बरोबर. तिथे कंपायलर टीची किंमत क्रोनोलोकलडेट धरतो, कारण 'स्वतःशीच तुलना' ही अट पाळणारा तोच एक टाइप त्याला सापडतो. यादी बसली, अट पाळली गेली, पण परत मिळतो तो क्रोनोलोकलडेट. अर्धविराम वर म्हणाले ती माहितीची गळती इथे पुन्हा झाली. म्हणून बाउंडमधलं सुपर हवंच.

अर्धविराम

आता कलेक्शन्स.मॅक्स घेऊ.

<टी एक्स्टेंड्स ऑब्जेक्ट & कम्पेरेबल<? सुपर टी>> टी मॅक्स(कलेक्शन<? एक्स्टेंड्स टी> संग्रह)

उजवीकडून वाचा. कलेक्शन<? एक्स्टेंड्स टी>: संग्रह आपल्याला वस्तू देतोय, म्हणून एक्स्टेंड्स. कम्पेरेबल<? सुपर टी>: कम्पेअरटू टीची वस्तू स्वीकारते, म्हणून सुपर, सह्यवारांची केस हीच. उरला ऑब्जेक्ट. टाइप म्हणून त्याने काहीच भर पडत नाही, कारण सगळेच ऑब्जेक्ट असतात. मग तो आहे कशाला?

हे समजायला इरेजर माहीत हवं. जेनेरिक टाइपची ही सगळी माहिती कंपायलर तपासतो, आणि बाइटकोड (कंपाइल झाल्यावर प्रत्यक्ष चालणारा कोड) तयार करताना टीच्या जागी त्याचा पहिला बाउंड टाकतो. <टी एक्स्टेंड्स नंबर> असेल तर बाइटकोडमध्ये नंबर. नुसता <टी> असेल तर ऑब्जेक्ट. कॉलच्या जागी लागेल तिथे कास्ट कंपायलर स्वतः घालतो.

मॅक्स ही मेथड जावा १.२ पासून, म्हणजे १९९८ पासून आहे. तेव्हा ती कलेक्शन घेऊन ऑब्जेक्ट परत द्यायची. जावाच्या बाइटकोडमध्ये मेथड शोधताना नाव आणि पॅरामीटरच नव्हे, रिटर्न टाइपसुद्धा जुळावा लागतो. जावा ५ मध्ये बाउंड नुसता कम्पेरेबल ठेवला असता तर बाइटकोडमध्ये रिटर्न टाइप कम्पेरेबल झाला असता. मग आधी कंपाइल होऊन जगभर चालू असलेल्या प्रोग्राम्सना 'ऑब्जेक्ट परत देणारी मॅक्स' सापडली नसती आणि ते नोसचमेथडएरर देऊन पडले असते. ऑब्जेक्टला पहिला बाउंड केलं, बाइटकोड जुनाच राहिला, आणि कुणाचाही चालू प्रोग्राम मोडला नाही. लोक या ओळीला किचकट म्हणतात. मला तिचा आदर वाटतो. जुन्या कोडवर विसंबलेल्या अनोळखी माणसांची इतकी काळजी एका सिग्नेचरमध्ये घेतलेली क्वचित दिसते.

निशिगंध, तुमच्या लायब्ररीला हे ऑब्जेक्ट लावायची गरज नाही. जुन्या, जेनेरिक नसलेल्या मेथडला जेनेरिक करत असाल तरच याचा विचार करा.

मुळाकाठ

आम्ही सीशार्पवाले. आमच्याकडे २००५ पासून, सीशार्प २.० मध्ये, बाउंड वेगळ्या ओळीत लिहितात: व्हेअर टी : आयकम्पेरेबल<टी>. वाचायला मोकळं वाटतं. शिवाय न्यू() असा कंस्ट्रेंट लावला की आत न्यू टी() करता येतं, जे जावात जमत नाही. टाइपची माहिती रनटाइमलाही शिल्लक असते.

कोटलिनमध्ये सह्यवारांची अडचण येतच नाही. तिथे कम्पेरेबल या इंटरफेसवरच 'इन' (हा टाइप फक्त आत घेतला जातो, ही खूण) लिहिलेलं आहे, त्यामुळे साधा <टी : कम्पेरेबल<टी>> लोकलडेटलाही चालतो. प्रत्येक मेथडवर सुपर लिहायचं की इंटरफेसवर एकदाच, एवढाच फरक. फक्त कोटलिनमध्ये बाउंड न लिहिलेला टी नलही असू शकतो. नल नको असेल तर <टी : एनी> लिहा.

रानपाखरू

एनम (मोजक्या ठरावीक किमतींचा टाइप) क्लासची सिग्नेचर बघितली: एनम<ई एक्स्टेंड्स एनम<ई>>. स्वतःच्याच व्याख्येत स्वतः? हे कंपाइल कसं होतं?

अर्धविराम

ई हा अजून न ठरलेला टाइप आहे आणि अट एवढीच, की तो एनम<ई> चा वारस असावा. तुम्ही एनम वार लिहिलं की कंपायलर ते 'वार एक्स्टेंड्स एनम<वार>' असं करतो. ईच्या जागी वार. अट तपासा: वार हा एनम<वार> चा वारस आहे का? आहे. संपलं, कुठेही फिरत राहणं नाही.

याचा फायदा असा, की एनममधली कम्पेअरटू(ई) ही आपोआप कम्पेअरटू(वार) होते. सोमवारची तुलना मंगळवारशी होईल, पण वारची तुलना महिन्याशी करायला गेलात तर कंपायलरच थांबवेल. या प्रकाराला एफ-बाउंड म्हणतात. १९८९ साली पीटर कॅनिंग, विल्यम कुक आणि सहकाऱ्यांनी तो मांडला. कम्पेरेबल<टी> चा बाउंडही त्याच कुळातला.

पण याची हमी लोक समजतात तेवढी पक्की नाही. तुम्ही स्वतः बिल्डर<बी एक्स्टेंड्स बिल्डर<बी>> असा क्लास केलात, तर कुणी 'गृहबिल्डर एक्स्टेंड्स बिल्डर<पीकबिल्डर>' असं लिहिलं तरी कंपायलर हरकत घेत नाही. पीकबिल्डर हा अटीत बसतो, मग त्याला दुसऱ्याने वापरला तरी नियम मोडत नाही. एनमच्या बाबतीत वारस कंपायलरच तयार करतो म्हणून तिथे धोका नाही.

निशिगंध

सगळ्यांचे आभार. आज बसून लायब्ररी साफ केली. जिथे टी एकदाच येत होता तिथे वाइल्डकार्ड किंवा थेट कर्ज. तुलनेच्या मेथडींना कम्पेरेबल<? सुपर टी>. वाहनकर्जांची यादी देऊन वाहनकर्जच मिळतंय, आणि कास्ट सगळे गेले.

एकच राहिलं. वाइल्डकार्डला सुपर चालतं, मग <टी सुपर पीककर्ज> असं लिहिलं तर एरर का?

दख्खनी

जावाने टाइप पॅरामीटरला खालचा बाउंड ठेवलेलाच नाही. एक कारण वरच्या चर्चेतूनच निघतं. बाउंड आतल्या कोडला हमी देतो, पण <टी सुपर पीककर्ज> मध्ये टी हा पीककर्ज, कर्ज किंवा थेट ऑब्जेक्टही असू शकेल. मग आतल्या कोडला टीच्या वस्तूवर ऑब्जेक्टपलीकडची एकही मेथड मिळणार नाही.

तरी त्याचा उपयोग शून्य नाही. ऑप्शनल म्हणजे आत किंमत असेल किंवा नसेल असा डबा, आणि ऑरएल्स म्हणजे ती नसेल तर वापरायचा पर्याय. ऑप्शनल<पीककर्ज> वर ऑरएल्स करताना पर्याय म्हणून गृहकर्ज देऊन उत्तर 'कर्ज' म्हणून घ्यावंसं वाटलं, तर जावात तसं लिहिता येत नाही. स्कालात येतं. तिथे गेटऑरएल्सचा टाइप पॅरामीटर खालून बांधलेला आहे, आणि पीककर्जाच्या जागी गृहकर्ज दिलं की उत्तराचा टाइप आपोआप दोघांच्या वर सरकतो. स्काला ओडरस्कींची, म्हणजे जीजेच्या चौघांपैकीच एकाची. जावात हे हवंच असेल तर आधी मॅप करून ऑप्शनल<कर्ज> करून घ्या: .<कर्ज>मॅप(क -> क).ऑरएल्स(गृहकर्ज). मॅपच्या आधीचा तो टाइप विसरू नका, नाहीतर कंपायलर पुन्हा पीककर्जच धरून बसेल.